लायनीपल्याडची खोली

"गानं सोड वो वच्छला! बायांचे हात चालून नाही राहिले!"

शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून येणारी ती हाक कितीतरी वर्षांपूर्वीची. रोवण्यात, भातलावणीच्या गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या पाठीवरून ती सरसरत यायची आणि वच्छला मान वर न करता गाणं सोडायची. आज ती हाक कानात आली तेव्हा तिच्या हातात लावणीसाठी उपटलेले धानाचे पऱ्हे नव्हते, चुन्यात बुडवलेला ब्रश होता. रिकाम्या खोलीच्या भिंतीला ती दुसरा हात देत होती आणि दारात उभा असलेला कैलाश दलाल खांद्यावरचा दुपट्टा काढून पसरत होता.

"काकू, हात आना इकडं."

"कायले?"

"आना तं."

वच्छलाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. कैलाशचं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं होतं. तिथं दुपट्ट्याखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची आणि भाव करायचा. शेजारी उभ्या माणसालाही कळू द्यायचं नाही. पुढे ट्रॅक्टर आले, बाजार आटला, आणि कैलाश प्लॉट दाखवू लागला, खोल्या लावून देऊ लागला. धंदा बदलला, पण दुपट्टा तोच राहिला.

"मी बैल इकून नाही राहिली, कैलाश. भाव करायचा तं तोंडानं कर. भिंतीलेही आयकू येऊ दे."

"पार्टीचं म्हननं हाय का गोष्ट फुटाले नोको."

"कोन पार्टी?"

"नाव नोको सांगू म्हनलं. पन गावातली हाय. दोघं जन. नवरा-बायको. पावसाळाभर राहतीन. किराया दुप्पट सांगा, हो म्हनतीन. दर मंगळवारी अन् शुक्रवारी सकारच्या गाडीनं नागपूरले जाव लागते त्याइले, म्हून स्टेशनजवळ पायजे."

नाव तेवढं राखून त्याने सगळं सांगून टाकलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नागपूरला जाणारं जोडपं अख्ख्या गावात एकच. टेकचंद पाटलाच्या किडन्या गेल्या वर्षापासून कामातून गेल्या होत्या. त्याचं रक्त मशिनीतून काढून, धुऊन पुन्हा अंगात घालतात, असं लोक सांगत. आणि त्याची बायको शकुंतलाबाई. धुऱ्यावर छत्री घेऊन उभी राहणारी. तिचीच ती हाक.

वच्छलाने ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला.

"किराया तं सांगा, काकू."

"पार्टीले पाठव. पार्टीले सांगीन."

"मीच तं पार्टीकडून आलो ना!"

"तू दुपट्टा घेऊन आला, बाबू. तोंड कुठं आनलं?"

कैलाशने दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि "तुमच्या घरचा बैल लय मारका हाय" असं पुटपुटत तो मोटारसायकलीकडे गेला.

*

परसटोला गाव जुनं, तळ्याच्या काठचं. रेल्वेची लाइन गावाला वळसा घालून गेली होती. तिच्या पलीकडे मुरमाची उजाड पट्टी होती, जिथं गवतही उगवायला कंटाळायचं. धम्म घेतला त्या साली वच्छलाच्या सासऱ्यांच्या पिढीची गावातली कामं सुटली. सुटली की सोडवली, हे कोणी विचारलं नाही. ती माणसं लाइनीवर गिट्टी टाकायच्या कामाला लागली आणि त्या मुरमावरच त्यांनी झोपड्या घातल्या. पुढे विहार झालं, पक्की घरं झाली, पोरं शिकली, पण गावाने वस्तीला तिच्या नावाने कधी हाक मारली नाही. लायनीपल्याड म्हणायचे. लायनीपल्याडच्या बाया रोवण्याला सांगून ये. लायनीपल्याडचा पोरगा साहेब झाला म्हणे.

मग गाडी थांबायला लागली. आधी एक पॅसेंजर थांबायची, तीही उपकार केल्यासारखी. नंतर मेमू आली, सकाळ-संध्याकाळ. पुढे एका एक्स्प्रेसला थांबा मिळाला आणि 'परसटोला रोड' ही पाटी विजेच्या उजेडात झळकू लागली. ज्या वस्तीत पाहुणा रात्रभर राहायला कुरकुरायचा, तिथं लोक दारोदार विचारू लागले, खोली आहे का? बँकेतली पोरगी आली, आश्रमशाळेचे दोन मास्तर आले. भंडाऱ्याला नोकरी, गोंदियाला नोकरी, आणि मुक्काम इथं, कारण इथून गाडी पकडायला चपला घालेपर्यंतचाच वेळ. वच्छलाचा नवरा मंगरू गँगमन म्हणून रिटायर झाला होता. त्याने फंडाच्या पैशातून घराला लागून चार खोल्या काढल्या, आणि भिंतीचा ओलावा सुटायच्या आत चारही खोल्यांत माणसं आली.

त्याच सुमारास रेल्वेचं फाटक बंद झालं. लाइनीच्या पोटातून बोगदा काढला. उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात त्यात कंबरभर पाणी साचायचं आणि गाव गावात राहायचं, स्टेशन स्टेशनात. बघता बघता तळ्याकाठच्या प्लॉटांना कोणी विचारेनासं झालं आणि मुरमाला सोन्याचा भाव आला.

"आपून कुठं गेलो का?" मंगरू ओट्यावर तंबाखू मळताना म्हणायचा. "आपून तिथंच हावो. गाडीनं आपली बाजू बदलली."

चौथी खोली मात्र आता मोकळी होती. आधीचा मास्तर बदली होऊन गेला, त्याला महिना झाला. मुलगा धर्मेंद्र नागपूरला वीजमिस्त्रीचं काम करायचा, रोज जाऊन-येऊन. त्याच्या ओळखीचा एक इंजिनीअर होता. नव्या लाइनीच्या कामावर आला होता, खोली पाहून खूश झाला होता.

"माय, तो साहेब सहा महिन्याचा ॲडव्हान्स द्याले तयार हाय," जेवताना धर्मेंद्र म्हणाला. "तू चुना लावू लावू खोली पांढरीफटक केली. किरायदार कुठं हाय?"

"येईन."

"कवा येईन? मुहूर्त काढला का त्यानं?"

"राहू दे बा," मंगरू म्हणाला. "तुह्या मायले कोनाच्या तोंडून काही आयकाचं हाय."

धर्मेंद्रने ताटावरून मान वर करून आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. प्रतिक्षाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. भांडी घासताना तिने सासूला हळूच विचारलं,

"आई, पाटलीनबाईसाठी ठेवली ना खोली?"

वच्छला तांदूळ निवडत होती. "हो."

"मंग देऊन टाका ना. कैलाशभाऊ येऊन गेला म्हनते."

"कैलाशले खोली पायजे का?" सुपातले तांदूळ वर उडाले, खाली आले. "त्या माणसाले नाही म्हनाचं नाही मले. बिमार मानूस हाय. पन एकदा, प्रतिक्षा, एकदा त्याइनं या दारात येऊन म्हनाव का आमाले पायजे. बस. मंग किल्ली हातात देईन."

"अन् नाहीच म्हनलं तं? तिकडं त्याइचं काही झालं तं?"

सूप हातात तसंच थांबलं. वच्छलाने त्यात खडा शोधला. एकही नव्हता.

*

तिचं आणि शकुंतलाबाईचं नातं काय होतं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. दोघी एकाच साली गावात नांदायला आल्या. एक चिखलात उतरली, एक धुऱ्यावर उभी राहिली. पाटलाच्या घरची सून बांधीत, धानाच्या चिखलात, उतरत नसे. तिने मजुरांवर नजर ठेवायची. पण वच्छलाने गाणं सोडलं की नजर ठेवणारीच हरवून जायची.

आभाळ उतरलं बाई बांधीच्या पान्यात,
माह्या पऱ्ह्याचे टाके मी घालतो त्यात.

बाया ओळ उचलायच्या आणि त्यांच्या गलक्यामागून धुऱ्यावरचा एक बारीक आवाज दबकत मिसळायचा. वच्छलाला तो ओळखू यायचा. तो आवाज कुणाला ऐकू जात नाही, असं शकुंतलाबाईला वाटत असावं.

धर्मेंद्र तान्हा होता तेव्हा मोहाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून वच्छला त्याला त्यात घालायची. तो रडला की शकुंतलाबाई झोका द्यायची. छत्री मिटून, तिचं टोक झोळीला लावून. हात लावायचा नाही, आणि पोराला रडूही द्यायचं नाही. चिखलातून वच्छला ते पाहायची. तिला त्या बाईचा राग यावा की माया, हे कळायचं नाही. इतक्या वर्षांनी अजूनही कळलं नव्हतं.

पाटलाच्या ओसरीच्या पहिल्या खांबापुढे वच्छलाचं पाऊल कधी गेलं नाही, आणि लायनीपल्याड शकुंतलाबाईचं पाऊल कधी आलं नाही. यायची ती फक्त हाक. ही हाक बोलवायची, थांबवायची, लवकर निघायला सांगायची. मागायची नाही. मागायचं असतं ते इकडच्यांनी.

*

त्या शुक्रवारी संध्याकाळची मेमू आली आणि थोड्या वेळाने अंगणाच्या फाटकाची कडी वाजली.

"वच्छला, हायेस का वो?"

वच्छला पदराला हात पुसत बाहेर आली. शकुंतलाबाई फाटकाबाहेर उभी होती, एक हात फाटकावर. किती वाळली होती! टेकचंद पाटील तिकडे स्टेशनच्या बाकावर टेकून बसला होता. मुलगा मनिष ऑटो घेऊन यायचा होता.

"या ना बाई. आत या."

"नाही वो, मनिष येऊनच राहिला." तिची नजर अंगणभर फिरली. "चांगलं केलंस घर. टाईल्स लावली वाटते."

"धर्मेंद्रानं लावली."

"हवा येते?"

"येते ना. गाडी गेली का जास्त येते."

दोघी जराशा हसल्या.

"अन् आवाज? झोप लागते का रात्री?"

"आमाले तं गाडी लेट झाली का झोप नाही लागत."

शकुंतलाबाई पुन्हा हसली. मग तिची नजर चौथ्या दाराच्या कुलपावर जाऊन बसली. "ते खोली खाली हाय वाटते."

"हाय."

अंगणातून एक कोंबडी चालत गेली. स्टेशनवरची घोषणा सुरू झाली आणि संपली. वच्छलाचं सारं अंग कान झालं होतं. शकुंतलाबाईचे ओठ हलले. फाटकावरची मूठ घट्ट झाली.

"तुह्या घरचा गोडनिंब लय चांगला पालवला वो."

वच्छलाने श्वास सोडला. "नेता का?"

"दे दोन काड्या."

वच्छलाने दोन मागितल्यावर कढीपत्त्याच्या सहा काड्या तोडल्या. त्या पदरात घेऊन शकुंतलाबाई झपझप स्टेशनकडे गेली.

"काय मांगलं?" मंगरूने ओट्यावरून विचारलं.

"गोडनिंब."

"देल्ला?"

"देल्ला."

"मंग झालं का! मांगाची सुरवात तं झाली."

एरवी वच्छला हसली असती. त्या दिवशी तिने कुलूप उगाचच एकदा ओढून पाहिलं.

*

रविवारी रात्रीपासून पाऊस धरला तो सोडेना. मंगळवारी पहाटे ती छत्री घेऊन लाइनीच्या भरावापर्यंत गेली. बोगदा तुडुंब भरला होता. पलीकडे ऑटोचे दिवे पावसात विरघळल्यासारखे दिसत होते. बराच वेळ ते तसेच थांबले. गाडी आली, थांबली, गेली. मग ते दिवे मागे वळले आणि गावाकडे निघून गेले.

वच्छला घरी आली. चहा केला आणि प्यायली नाही.

"पाटलाची मशिनीची पाळी हुकली," ती मंगरूला म्हणाली.

"हो."

"खोलीची किल्ली माह्याजवळ हाय."

आपला हट्ट कुठे संपतो आणि पाप कुठे सुरू होतं, तो धुरा वच्छलाला दिसेना. दिवसभर तिच्या हातून वस्तू पडत राहिल्या. बुधवारी ती भरावाकडे जायला निघाली आणि विहारापासून परतली. काय सांगणार होती जाऊन? खोली घ्या? तीच तर एवढी वर्षं देत आली होती. रोवणं दिलं, गाणं दिलं, वेळेला धावून जाणं दिलं. आणि प्रत्येक देणं न मागता दिलं म्हणून हक्काचं ठरलं. हे एक तरी मागून न्यावं, एवढंच तर होतं.

शुक्रवारी पहाटे अजून नीट फटफटलंही नव्हतं, तोच भरावाच्या पलीकडून मनिषची हाक आली. मंगरूकाका, मंगरूकाका! पाऊस आणि बेडकं यांच्यामधून ती हाक फाटत येत होती.

वच्छला मंगरूच्या आधी उठली.

"खाट घ्या," ती म्हणाली. "धर्मेंद्र, ऊठ! ताडपत्री घे."

तिने ना कैलाशची आठवण काढली ना गोडनिंबाची. मंगरू, धर्मेंद्र, मनिष आणि बाजूच्या खोलीतला मास्तर अशा चौघांनी भरावाच्या निसरड्या चढावरून खाट वर आणली. टेकचंद पाटलाचे पाय सुजले होते, श्वास भात्यासारखा वरखाली होत होता. वच्छला एका बाजूने ताडपत्री धरून चालत होती. उतारावर खाट कलली तेव्हा त्याने आधारासाठी हात पुढे केला आणि जे हाती आलं ते धरलं. ते वच्छलाचं मनगट होतं. त्याने सोडलं नाही. मागून शकुंतलाबाई अनवाणी येत होती. तिच्या चपला चिखलाने केव्हाच ठेवून घेतल्या होत्या.

"गाडी गेली का? गेली का गाडी?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"नाही गेली," मंगरू म्हणाला. "पावसानं लेट हाय. आजच्या दिवस लेट होऊ दे तिले, कधी नाही ते कामाची लेट झाली."

गाडी आली. मनिष आणि धर्मेंद्र दोघांनी पाटलाला उचलून डब्यात ठेवलं. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत वच्छला फलाटावर उभी होती. मग तिला कळलं की आपले दोन्ही हात ताडपत्रीचा कोपरा अजून घट्ट धरून आहेत. तिने ते सोडले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

घरी येऊन तिने चौथ्या खोलीचं कुलूप काढलं.

*

संध्याकाळी ती मंडळी उतरली तेव्हा पाऊस थांबला होता, पण बोगद्यातलं पाणी हललं नव्हतं. पाटील आता आपल्या पायांनी चालत होता, मनिषच्या खांद्यावर हात ठेवून. कोणी कुणाला काही विचारलं नाही. खोलीत खाट होती, मच्छरदाणी होती, कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. जिथं जायचं तिथंच जात असल्यासारखे ते आत गेले.

वच्छलाने मऊ भात केला, बिनमिठाचा. पाटलाचं पथ्य प्रतिक्षाने मनिषला विचारून घेतलं होतं. ताट पुढं आलं तेव्हा पाटलाने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि पहिला घास घेतला. मग मंगरूला म्हणाला,

"मंगरू, ही जागा माह्या बापानं ढोराइसाठी सोडली होती गा. ढोरंही राहत नोहते इथं."

"ढोराइले टाइमटेबल कुठं समजते, पाटील!"

पाटील इतका हसला की त्याला ठसका लागला. शकुंतलाबाईने त्याच्या पाठीवर हात फिरवला. ती मात्र हसली नाही. ताटातला भात ती बोटांनी गोळा करत होती आणि पुन्हा विखरत होती.

सकाळी ऊन पडलं. असं स्वच्छ, की लाइनीचे रूळ दूरपर्यंत चकाकत गेले होते. पंप लावून बोगदा रिकामा केल्याचा मनिषचा फोन आला. तो रात्री शेवटच्या गाडीच्या वेळेला रुळावरून गावात निघून गेला होता. ऑटो घेऊन येतो, म्हणाला. भिंतीपलीकडे शकुंतलाबाई चादरीची घडी घालत होती. झटकल्याचा आवाज वच्छलाला स्वयंपाकघरात ऐकू आला. घडीचा आवाज येत नाही, पण तोही तिला आल्यासारखा वाटला.

झालं तर मग. मानूस वाचला, एवढं पुरे हाय, ती स्वतःशी म्हणाली. तिने चहाचं आधण ठेवलं आणि साखर टाकली. आणखी एकदा टाकली. एकदा टाकल्याचं तिच्या ध्यानातच नव्हतं. इंजिनीअर साहेबाला धर्मेंद्रच्या हाती आजच निरोप द्यायचा, असं तिने ठरवलं. मन खट्टू होतं, तरी हलकंही होतं. पाटलाला चालत येताना पाहिलं तेव्हाच त्यावरचा धोंडा उतरला होता.

दारात सावली पडली.

"मनिष येऊन राहिला," शकुंतलाबाई म्हणाली.

"हो, आयकलं."

"बोगदा सुकला म्हनते."

"चांगलं झालं."

सावली हलली नाही. शकुंतलाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"कैलाशले मीच पाठवलं होतं."

"मालूम हाय."

"पयलेपासून?"

"मंगळवार-शुक्रवार म्हनला तो. तेवढं तं तिकीटबाबूलेही मालूम हाय, बाई."

"मंग तू काहून नाही बोलली?"

वच्छलाने गॅसची आच कमी केली. उकळी खाली बसली. "मी काय बोलू? मले काही पायजे नोहतं."

बाहेर कुठेतरी ऑटोचा हॉर्न वाजला, मग जवळ आला.

"मले येतच नाही वो," शकुंतलाबाई म्हणाली. "फाटकापर्यंत आली होती मी. तोंडात शब्द होता. पन सासरी आली तवापासून नुसतं सांगाले शिकवलं मले. मांगाले कोनी शिकवलंच नाही. अन् तुले कोन्या तोंडानं मांगू, हेही होतं." तिचा आवाज बारीक झाला, धुऱ्यावरून बायांच्या गलक्यात दबकत मिसळायचा तसा. "दुप्पट पैसे देल्ले का मांगाव नाही लागन, असं वाटलं."

"आई, चला!" अंगणातून मनिषने हाक दिली. "रस्ता सुरू हाय, बाबाले घ्या!"

शकुंतलाबाईने मागे वळून पाहिलं नाही. रस्ता सुरू होता, ऑटो दारात होता. आता काही मागायची गरज नव्हती. तिने उंबऱ्यावरून पाऊल उचललं आणि आत टाकलं. आत येऊन ती खाली फरशीवर बसली, वच्छलाच्या गुडघ्याजवळ, रोवण्यातल्या बाया दुपारी भाकर सोडताना बसायच्या तशी.

"वच्छला, आमाले तुही खोली पायजे वो," ती म्हणाली. "पावसाळाभर नाही. पुढंही. देशीन का?"

वच्छलाच्या ओठांवर एक वाक्य आपोआप आलं. घ्या ना बाई, तुमचीच हाय. तिच्या सासूने ते म्हटलं असतं, सासूच्या सासूने म्हटलं असतं. तिने ते गिळलं. चहा दोन कपांत गाळला. एक कप शकुंतलाबाईच्या हातात दिला, आणि इतके दिवस कैलाशला, धर्मेंद्रला, मंगरूलाही जे सांगितलं नव्हतं ते तिने मोठ्याने, अंगणात उभ्या मनिषलाही ऐकू जाईल असं सांगितलं.

"किराया साडेतीन हजार. सगऱ्याइले जो, तोच तुमाले. लाईटचं मीटर अलग हाय, बाई, अन् नळ एकच हाय, सगऱ्याइचा."